सात नंबरचा गोटा

इसाउरा पिरिस खुर्ची काखोटीला मारून निघाली, की आमच्या मोन्तेविदेओतल्या पालेर्मो वस्तीतले घरमालक खिडक्या लावून घ्यायचे. मी तिखटमीठ लावतोय असं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी जन्मभर मासे विकले आहेत, आणि विकणाऱ्याने हाताने माप दाखवलं की मासा जरा लांबच भरतो. पण खुर्ची खरी होती. वेताची, एक पाय सुतळीने आवळलेला.

व्हायचं असं, की कुठेतरी 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागायची. इसाउरा माझ्या दुकानातून फोन करायची. पलीकडून गोड आवाज यायचा, हो बाई, या ना, खोली रिकामीच आहे. ती जायची, दार उघडायचं, आणि दारातल्या माणसाला तिचा काळा चेहरा दिसला, की खोली तेवढ्यात भाड्याने गेलेली असायची. इतक्या झपाट्याने खोल्या जाणारं शहर मोन्तेविदेओसारखं दुसरं नसेल. इसाउरा भांडायची नाही. घरी जाऊन खुर्ची आणायची, त्याच दारासमोर फुटपाथवर मांडायची, थर्मासमधलं गरम पाणी भोपळ्यातल्या येर्बाच्या पाल्यावर ओतायची आणि नळीने कडू घुटके घेत बसायची. खोली बघायला कुणी गोरा विद्यार्थी आला की त्याला म्हणायची, खोली गेली असं मला सांगितलंय बाळा, तुला काय सांगतात ते जाताना सांगून जा. पोरगा आत जायचा तो ताठ, आणि बाहेर यायचा तो बुटांकडे बघत.

दुराज्नो रस्त्यावरचा एक मालक फार चिवट निघाला. त्याच्या दारासमोर ती इतकी बसली की खुर्चीच्या पायाला पालवी फुटली. दोन पानं मी स्वतः खुडली आहेत. मालकाचा कुत्रा आधी तिच्यावर भुंकायचा, मग तिच्या पायाशी झोपायला लागला, आणि शेवटी मालक दिसला की मालकावर भुंकायला लागला. तेव्हा कुठे त्याने किल्ली आणून तिच्या हातात ठेवली. इसाउराने ती तिथल्या तिथे एका धुणेवालीला देऊन टाकली आणि खुर्ची उचलली. मी विचारलं, एवढं बसलीस कशाला मग?

"मला खोली कुठे हवी होती, एल्बिओ," ती म्हणाली. "मला त्याच्या तोंडून हो ऐकायचं होतं."

अशा या बाईला मी शरमेने मान खाली घालताना एकदाच पाहिलं. घातली एकदाच, पण नंतर ती बरीच वर्षं खालीच राहिली. तेच सांगायला बसलोय.

इसाउरा पालोमार चाळीत जन्मली. मधे फरसबंद अंगण, भोवती दोन मजले खोल्या, अंगणात दगडी टाक्या, आणि प्रत्येक टाकीवर कुणाची ना कुणाची आई दुसऱ्यांचे कपडे धूत उभी. इसाउराच्या आईची टाकी रस्त्याकडच्या कोपऱ्यात होती. मी तेव्हा टोपलीतून मासे विकायचो, आणि त्या बाईने माझ्याकडून माशाची डोकी फुकट नेली नाहीत असा एक शुक्रवार मला आठवत नाही. संध्याकाळी त्याच कोपऱ्यात शेकोटी पेटायची. ढोल भोवती उभे करून ठेवायचे, कातडी तापून ताणली गेली की पोरं ते खांद्याला लावून रस्त्यावर निघायची.

मग वर्दीवाल्यांचं राज्य आलं. एका सकाळी मालमोटारी येऊन उभ्या राहिल्या. चाळ धोकादायक आहे, कोसळणार आहे, म्हणून सगळ्यांना बिछान्यांसकट उचललं आणि गावाबाहेरच्या एका बंद गिरणीत नेऊन टाकलं. कोसळणारी चाळ पाडायला त्यांना एवढी यंत्रं का लागली, हे मला अजून कळलेलं नाही. जागा तशीच पडून राहिली. तिथे गवत माजलं, मग झुडपं, मग इसाउरा. ती खुर्ची घेऊन त्या उजाड जागेच्या तोंडाशी येऊन बसली, आणि सरकारं बदलली तरी उठली नाही. शेवटी तिच्याभोवती आणखी बायका जमल्या, घरबांधणीची संस्था झाली, आणि पालोमारच्या जागेवर वीस घरं स्वतःच्या हातांनी बांधायची परवानगी मिळाली. ती देताना एक साहेब म्हणाला, आम्ही तुमच्यावर मोठी मेहेरबानी करतोय. इसाउराने त्याला तो शब्द मागे घ्यायला लावला, मगच सही केली.

आता अशा संस्थेत कुणाचं घर कुठलं हे शेवटपर्यंत ठरत नाही. सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची आणि सगळ्यात शेवटी सोडत काढायची. कारण उघड आहे. आपली भिंत कुठली हे एकदा कळलं की माणूस तिच्यात सिमेंट जास्त घालतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीत वाळू. इसाउराने त्यावर स्वतःचा एक नियम चढवला होता. बांधकामावर 'माझं घर' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काढले, तर पुढच्या रविवारी वाळूच्या हातगाड्या ओढायच्या.

सगळ्यात जास्त वाळू निबियाने ओढली. निबिया बिस्किटांच्या कारखान्यात कामाला. जिभेने तिखट, कामाला मध्यम, वेळेच्या बाबतीत अगदीच गेलेली. ती आली की आम्ही समजायचो, आता जेवायची वेळ झाली. आणि नशिबाने तिच्याएवढी नागवलेली बाई मी पाहिली नाही. रोज किनिएला लॉटरीचा आकडा लावायची. एकदाही लागला नाही. चर्चच्या जत्रेत प्रत्येकाला काहीतरी मिळतंच अशी सोडत असते, तिच्यात निबियाला फुगा मिळाला आणि हातात येताच फुटला. तरी ती कोपऱ्यावरच्या सात नंबरच्या घराकडे बोट दाखवून म्हणायची, ते बघा माझं घर. आणि हसत हसत गाडी उचलायची.

सात नंबर सगळ्यांनाच हवं होतं, बोलत मात्र फक्त निबिया होती. सकाळपासून ऊन, आणि रविवारी ढोल जातात त्या रस्त्यावर मोठी खिडकी. पण आणखी एक गोष्ट होती, ती फक्त इसाउराला आणि मला माहीत होती. त्या घराचं स्वयंपाकघर बरोब्बर तिच्या आईच्या टाकीवर आलं होतं.

माझं दुकान समोरच, त्यामुळे मला दिसायचं. इसाउरा कामाला कुठेही असली तरी दिवसातून एकदा सात नंबरच्या भिंतीपाशी पोचायची. नव्या विटांवर पाणी मारायला म्हणून जायची आणि मारतच राहायची. खिडकीची काच बसल्यावर ती एप्रनने पुसली. मग दुसऱ्या बाजूने पुसली. मग पुन्हा पहिल्या.

"दोन्या इसाउरा, त्या भिंतीला पडसं होईल," निबिया खालून ओरडली. दोन्या म्हणजे बाई, मानाने हाक मारायची आमच्याकडची तऱ्हा. "आम्ही बांधतोय त्या बाराव्या घरालाही पाजा की जरा."

सगळ्या बायका हसल्या. इसाउरा हसली नाही. पाण्याचा डबा खाली ठेवून ती निमूटपणे दुसरीकडे गेली. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं, की ती मनातल्या मनात 'माझं घर' म्हणत होती. तोंडाने म्हणणाऱ्यांना तिने वाळू ओढायला लावली होती. मनात म्हणणाऱ्यांसाठी नियमच नव्हता.

सोडतीला कागदाच्या चिठ्ठ्या नकोत, असं तिनेच ठरवलं होतं. चिठ्ठी दुमडता येते, खूण करता येते. त्यापेक्षा रामिरेसच्या किनाऱ्यावरचे गोटे घ्यायचे, सगळे एकसारखे, कोंबडीच्या अंड्याएवढे, आणि त्यांच्यावर रंगाने आकडे घालायचे. गोटे निवडले इसाउराने. समुद्राने इतकी वर्षं घासूनही तिच्या पसंतीला उतरतील असे मोजके वीसच निघाले. बाकीचा किनारा तिने नापास केला. आणि सोडतीपर्यंत ते सांभाळायला तिच्याकडेच दिले. दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा निघालं नाही.

सोडतीच्या सकाळी ती दुकानात आली. आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि ऊन असं होतं की माशांना बर्फात ठेवल्याबद्दल मला त्यांचा हेवा वाटत होता. तिच्या हातात मेणकापडात गुंडाळलेली पुडी होती. म्हणाली, औषध आहे, डोळ्यांचं, बर्फात ठेव, दुपारी नेते. तिचे डोळे घारीचे. गल्लीच्या त्या टोकाची पाटी ती वाचायची. ती गेल्यावर पुडी उघडून बघितली.

आत गोटा होता. त्यावर निळा सात.

मी तो पुन्हा गुंडाळला आणि कोर्व्हिना माशांच्या खाली, खडेमीठ घातलेल्या बर्फात ठेवून दिला. एवढ्या वर्षांत त्या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि आपलं काम वस्तू गार ठेवण्याचं; ती वस्तू कुठली, हे मासाही मला विचारत नाही.

दुपारी ती पुडी घेऊन गेली आणि अंगणात सगळे जमले. बाहेर रस्त्याच्या कडेला पोरांनी खोक्यांच्या फळ्या पेटवून ढोल तापायला लावले होते. मला घर मिळायचं नव्हतं, दुकानामागची माझी खोली मला पुरेशी होती. म्हणून पिशवी धरायला मला उभं केलं. पिशवी माझ्याच पिठाच्या पोत्याची. वयाने मोठ्याने आधी हात घालायचा, उशिरा येणाऱ्याने सगळ्यात शेवटी. त्यामुळे पहिली इसाउरा आणि शेवटची कोण, ते विचारायलाच नको. निबियाचा पत्ता नव्हता.

इसाउराने एकेक गोटा वर धरून सगळ्यांना दाखवला आणि पिशवीत टाकला. सात नंबर दाखवला तो रुमालात धरून, आणि पटकन. मग बाही वर सारली, आकाशाकडे बघितलं आणि हात आत घातला. पोत्याच्या कापडातून मला गारवा लागत होता. तिचा हात शोधत बसला नाही. सरळ त्या गारव्याकडे गेला आणि मिटला.

"दोन्या, थांबा," देल्मिरा म्हणाली.

देल्मिरा संस्थेची अध्यक्ष. शाळेत स्वयंपाक करायची, रडू लवकर यायचं. इसाउराचा चेहरा राखेसारखा झाला. तिला वाटलं, पकडलं. मलाही तसंच वाटलं, आणि मी पोत्याचं तोंड घट्ट धरून ठेवलं, जसा काही गोटा ओरडणार होता.

देल्मिराने डोळे पुसत सांगितलं, की आम्ही तुमच्या माघारी बैठक घेतली. सात नंबर सोडतीत नाही. ते तुमचं. एकमताने ठरलंय. निबियानेसुद्धा हात वर केला, आणि तिला ते घर किती हवं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"आणि ही मेहेरबानी नाही हं दोन्या," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलेला शब्द वापरते. हा तुमचा हक्क आहे."

इसाउराची मूठ पिशवीतच होती. जन्मभर तिने लोकांकडून हो वदवून घेतलं होतं. आणि आता एकोणीस घरं न मागता हो म्हणत होती, तेव्हा तिच्या मुठीत चोरी होती. वर काढली असती तर? बायकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. म्हणाल्या असत्या, बघा, नशिबालाही पटलं. कुणाला काही कळलं नसतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एवढी शरम मी माणसाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. कुणी आरोप केला असता तर ती खुर्ची मांडून बसली असती. प्रेमासमोर कुठे खुर्ची मांडायची, हे तिला माहीत नव्हतं.

बोटं सुटली. मला ती सुटताना कळली.

"सोडत म्हणजे सोडत," ती म्हणाली. तिने चाचपून दुसराच गोटा काढला. एकोणीस. म्हणजे मागच्या फाटकाजवळचं घर, एका अंगाला कचऱ्याचे पिंप, डोक्यावर पाण्याचा पंप. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवतच राहिले. काय बाई आहे, म्हणाले. नियमासाठी स्वतःच्या हातातलं घर सोडलं. इसाउरा त्या टाळ्यांखाली अशी उभी होती, जसं कुणी तिच्यावर दगड फेकतंय.

देल्मिरा पुढे आली. अजून रडत, अजून हसत. हात आत घातला, आणि तिचं हसू थांबलं. मला कापडाच्या आत तिची बोटं दिसत होती. ती गार गोट्यावर पोचली, दचकली, परत आली, पुन्हा खात्री करून घेतली. तिने इसाउराकडे बघितलं. इसाउरा जमिनीकडे बघत होती. गोटे कुणाकडे होते, हे देल्मिराला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने दुसरा काढला, आकडा वाचला, बाजूला झाली. टाळी वाजवायला विसरली.

मग तिसरी. तिचाही हात तिथेच थबकला. चौथी. पाचवी. अंगणात आवाज कमी कमी होत गेला, नुसता शेकोटीचा तडतडाट. एकेक हात आत यायचा, गारव्याला लागायचा, थांबायचा, आणि सोडून द्यायचा. कोपऱ्यावरचं घर, सकाळचं ऊन, रस्त्यावरची खिडकी, सगळं हातात आलेलं, आणि प्रत्येकीने सोडलं. ते उचललं असतं तर आकड्याबरोबर इसाउराची चोरीही चारचौघांत वर आली असती. कुणी कुणाशी बोललं नाही. बोटांना वास लागत होता, तो मात्र हळूच हुंगून बघितलेला मी पाहिला.

सगळ्यांचं झाल्यावर निबिया धावत आली, केसांत गुंडाळ्या तशाच, घामाने निथळत. पिशवीत एकच गोटा उरला होता. इतक्या हातांनी चाचपून सोडल्यामुळे तो आता चांगला कोमट झाला होता. तिने काढला, आकडा बघितला, आणि तिला तो वाचताच येईना. दुसऱ्यांना दाखवला. मग खाली बसली. मग गोट्याचे मुके घ्यायला लागली. तेवढ्यात तिला आठवलं, हे घर तर आपण दोन्याला दिलं होतं. ती गोटा घेऊन इसाउरासमोर गेली. इसाउराने हात मागे बांधले आणि म्हणाली, अदलाबदल नाही, नियम आहे. मग ती बाहेर शेकोटीपाशी जाऊन उजवा हात निखाऱ्यांवर धरून उभी राहिली. ढोल तापले, निघाले, गल्ली पार करून गेले, तरी तिचा हात गरम होईना.

त्यानंतर मांजरांचं सुरू झालं. खाऱ्या बर्फात कोर्व्हिनाखाली राहिलेला दगड तो, त्याचा वास बोटांना लागला तो जाईना. आठवडाभर वस्तीतली सगळी मांजरं संस्थेतल्या बायकांच्या मागे फिरत होती. बाकीच्यांचा पिच्छा त्यांनी सोडला, पण सात नंबरचा उंबरठा सोडला नाही, कारण निबियाने तो गोटा खिडकीत मांडून ठेवला होता. ती म्हणायची, मांजरांना घर कळतं. किनिएला लावणं तिने बंद केलं. विचारलं तर सांगायची, माझा लागला की आकडा, आता दुसऱ्यांना लागू दे.

आणि इसाउराने खुर्ची अडगळीत टाकली. लोक यायचे, अमक्या मालकाने तमक्याला हाकललं म्हणून सांगायचे. ती गुडघ्यांचं निमित्त काढायची. घरमालकांच्या खिडक्या हळूहळू उघड्या राहायला लागल्या. बायका पूर्वी तिच्याशी कडाकडा भांडायच्या, वाळूवरून, सिमेंटवरून. आता तिला जपायला लागल्या. देल्मिरा केक आणून द्यायची. तिच्यासमोर कुणी बर्फ शब्द काढत नसे, माशाचा विषय निघाला तर पावसावर जात. ही जपणूक तिला जाळत होती. समोर येऊन कुणी चोर म्हणालं असतं तर तिने त्याला येर्बा पाजला असता. सात नंबरवरून जायला नको म्हणून ती मागच्या फाटकाने, पिंपांमधून ये-जा करायची.

काही वर्षांनी रस्त्यापलीकडे दुसरी संस्था उभी राहिली. सोडतीचा दिवस जवळ आला तेव्हा तरण्या मुली इसाउराकडे आल्या. गोटे तुम्हीच निवडा, तुम्हीच सांभाळा, तुमच्याशिवाय आमचा कुणावर भरवसा नाही. ती नको म्हणाली. त्या ऐकेनात. मग ती म्हणाली, येते, पण सभेत मला दोन शब्द बोलायचे आहेत.

सभा आमच्याच अंगणात भरली. तिकडच्या मुली, आमच्या बायका, सगळ्या. इसाउरा उभी राहिली. प्रस्तावना वगैरे तिला येत नसे.

"आमच्या सोडतीत मी एक गोटा बर्फात ठेवला होता," ती म्हणाली. "हाताला कळावा म्हणून."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. देल्मिरा म्हणाली, उन्हाचा त्रास होतोय तुम्हाला, बसा. दुसरी म्हणाली, त्या दिवशी अख्ख्या मोन्तेविदेओत गार असं काही नव्हतं, मी तर विस्तवाला हात लावला तोही बरा वाटला. तिसरी माझ्याकडे वळली, सांगा हो एल्बिओ, बर्फ होता का तुमच्याकडे. मी म्हणालो, बर्फ कसला, मासे उकडून निघत होते. इतकं सुबक खोटं बोलणाऱ्या माणसांची सभा मी पुन्हा पाहिली नाही.

इसाउराचा पारा चढला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिचा जुना आवाज निघाला.

"मला वेडी ठरवू नका. तुमच्या प्रत्येकीचा हात त्याला लागला. प्रत्येकीने तो सोडला. मी बघत होते."

"कुठला गोटा, दोन्या?"

दारातून आवाज आला. निबिया. उशिरा आली होती, नेहमीसारखी. सोडतीची सभा म्हणून तिने नव्या मुलींना दाखवायला आपला गोटा आणला होता, ओंजळीत धरला होता. ती हसत नव्हती.

देल्मिराने इसाउराकडे बघितलं आणि मान हलवली, अगदी थोडी. तेव्हा मला कळलं, आणि माझ्यानंतर पापणी लवायच्या आत इसाउराला कळलं, की या बायका इतकी वर्षं गप्प होत्या त्या काही फक्त इसाउरासाठी नव्हे. जन्मात एकदा निबियाचा आकडा लागला होता. तो बाकीच्या सगळ्यांनी हात लावून टाकून दिलेला होता, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

इसाउरा त्या ओंजळीकडे बघत राहिली. आपल्या मनावरचा धोंडा उतरवायला ती आली होती, आणि तो कुणाच्या डोक्यावर ठेवणार होती ते तिला आत्ता दिसलं.

"एकोणीस," ती म्हणाली.

"एकोणीस?" निबियाने विचारलं. "पिंपांजवळचं? ते तुम्ही चोरून घेतलंत?"

"हो."

"कशाला?"

आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तिला जरा वेळ लागला. "मला पंपाचा आवाज आवडतो," ती म्हणाली. "झोप लागते. आणि म्हातारपणी कचरा टाकायला लांब जायला नको."

"आणि सगळ्यांनी सोडला तो?"

"कोण घेणार एकोणीस, निबिया? तू घेतला असतास? आणि मी आधीच काढला होता. उगाच बोलले मी. माझी आठवण धड नाही."

आधी एक तरणी मुलगी फिसकन हसली. मग दुसरी. मग निबिया हसायला लागली ती कमरेवर हात ठेवून.

"बाई गं," ती म्हणाली, "चोरी करायची ती निदान बऱ्यापैकी तरी करायची. सात नंबरवर नजर ठेवायची होती. तेही तुम्हाला आयतं देत होतो आम्ही."

सगळं अंगण हसलं. देल्मिरा हसता हसता रडत होती, पण तिचं ते नेहमीचंच. इसाउरा मधे उभी होती, मान खाली. नव्या मुली एकमेकींच्या कानाशी लागल्या होत्या. हीच का ती खुर्चीवाली, हिच्यावर भरवसा ठेवणार होतो आपण. तिला ते ऐकू जात होतं. तिने ते ऐकून घेतलं, सबंध. निबियाच्या पोटात काय राहिलं, ते मला माहीत नाही. ती तिखट आहे, बावळट नाही. पण गोटा तिने पुन्हा ओंजळीत घट्ट धरला होता.

गोटे सांभाळायला अर्थातच दुसरी बाई नेमावी लागली. निबियाच नेमली, हाताला यश आहे म्हणून. इसाउराने एवढंच सुचवलं, की सोडतीआधी सगळे गोटे ढोलांबरोबर शेकोटीपाशी तापवून घ्यावेत. का, म्हणून मुलींनी विचारलं. ती म्हणाली, ढोल तापवतात तर गोटे का नाही. चोराचा सल्ला आहे, घ्यायचा तर घ्या. त्यांनी घेतला. तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही संस्थेची सोडत असली की गोटे तापवूनच पिशवीत जातात, आणि बायका फुंकर मारत आकडा वाचतात.

त्या आठवड्यात ती दुकानात आली, सुतळी मागायला. खुर्चीचा पाय पुन्हा निखळला होता. गोंसालो रामिरेस रस्त्यावर कुणीतरी एका बाईला दोन मुलांसकट दारातून परत पाठवलं होतं. सुतळी देताना मी सहज विचारलं, डोळ्यांचं औषध वगैरे काही ठेवायचंय का बर्फात?

तिने खुर्चीचा तो सुटा पाय माझ्या ढोपरावर असा हाणला की अजून थंडीत ठणकतो. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या बाजूने, सात नंबरच्या मांजरांमधून वाट काढत निघून गेली. एका मांजराने तिच्या उजव्या हाताला नाक लावलं. तिने तो झटकन एप्रनखाली घेतला.